तीन मण्यांची काडी

गायकर सर कुठेही बसले की आधी टेबलावर तळहात पालथा ठेवत आणि गप्प होत. हॉटेलात वेटर ऑर्डर घ्यायला उभा आहे, माझ्या हातात मेन्यूकार्ड आहे, आणि हे आपले डोळे मिटून टेबल चाचपताहेत. मग म्हणत, "आत मिक्सर चालू आहे. आणि लांब कुठेतरी कारखान्यातला पॉवर प्रेस." वेटर माझ्याकडे बघायचा. मी त्याला खुणेनेच सांगायचो, घाबरू नकोस बाबा, फिजिक्सचे आहेत.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. सर स्टेजवर आहेर द्यायला गेले आणि वधूवरांच्या सोफ्याच्या हातावर हात ठेवून तसेच उभे राहिले. फोटोग्राफर ओरडतोय, "काका, इकडे बघा, इकडे!" मागे रांग तुंबलेली. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "स्टेज लूज आहे हो तांबे. डीजेवाल्याला बेस कमी करायला सांगा." त्या मुलीची समजूत अशी, की काकांनी काहीतरी मंत्र पुटपुटून मोठा आशीर्वाद दिला. आम्हीही ती समजूत दूर केली नाही.

आमचं कॉलेज अंबरनाथचं. मी तिथे मराठी शिकवायचो, सर फिजिक्स. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी आली ती केवळ दोघांचे विषय कुणाला नको होते म्हणून, असं मी म्हणायचो. सर मूळचे दिवा गावाकडच्या आगरी घरातले. आजोबांची मिठागरं होती, वडील नोकरीसाठी अंबरनाथला आले आणि बुवापाड्यात घर केलं. त्याच घरात सर आणि सुमनवहिनी राहत. मूलबाळ नव्हतं. सर वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, इंग्रजी त्याहून शुद्ध. पण राग आला किंवा फार आनंद झाला की त्यांची आगरी बाहेर पडे. एरवी ती त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायची नाही, त्यामुळे ती ऐकू आली की आम्ही कान टवकारायचो.

कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, पूर्वी जिमखान्याचं सामान ठेवायची एक खोली होती. क्रिकेटच्या मॅटचा कुबट वास त्या खोलीतून शेवटपर्यंत गेला नाही. तिथे सरांचा मायक्रोस्कोप होता. मायक्रोस्कोप म्हटल्यावर मला आपला शाळेतला आठवला, कांद्याची साल बघायचा. सर हसले. त्यांच्या मायक्रोस्कोपला भिंगच नव्हतं. डब्याच्या एका पुडाएवढं ते यंत्र. थोडं विकत घेतलेलं, थोडं त्यांनी स्वतः जुळवलेलं. त्यात एक बारीक तार, तिचं टोक इतकं अणकुचीदार की शेवटी एखादाच अणू उरावा. हे टोक धातूच्या पृष्ठभागावरून फिरायचं, पण टेकायचं नाही. मधल्या त्या नसल्यासारख्या फटीतून किंचित वीज वाहायची. खाली उंचवटा आला की वीज वाढायची, खळगा आला की कमी व्हायची, आणि त्यावरून कॉम्प्युटर एकेक ओळ करत चित्र काढायचा.

"आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो ना, तसंच," सर म्हणाले. "फक्त इथे काठी रस्त्याला लावायची नाही."

"मग कळणार कसं?"

"तेच तर," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की मी पुढे काही विचारलंच नाही.

आता अशा यंत्राला अंबरनाथसारखी वाईट जागा शोधून सापडली नसती. एका बाजूला एमआयडीसी, दुसरीकडे रेल्वे, रस्त्यावरून दिवसभर कंटेनर. त्यात जिना डोक्यावर, आणि आमची पोरं जिना उतरत नाहीत, कोसळतात. जिथे केसाच्या लाखाव्या भागाएवढी हालचाल चालत नाही, तिथे हे सगळं. सरांनी यंत्र लोखंडी तिकाटण्याला इलॅस्टिकने टांगलं, तिकाटणं वाळूच्या पेटीत रोवलं, पेटी स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवली आणि भोवती थर्मोकोलचं खोकं केलं. बाहेरून ते एखाद्या मंडळाच्या गणपतीच्या मखरासारखं दिसायचं. तरी चित्रात रेघोट्या येत. सर त्या रेघोट्या ओळखायचे. ही मालगाडी. ही पाण्याची मोटर. हा आपला पाटील, एनसीसीचा, बूट घालून वर गेला.

म्हणून ते शुक्रवारी काम करत. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, प्रेस बंद, ट्रक कमी. शुक्रवारी सर एकही लेक्चर घ्यायचे नाहीत, आणि टाइमटेबल लावताना दरवर्षी यावरून भांडण व्हायचं. खोलीत शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढत, डबा सकाळीच संपवत, दिवसभर कुणाशी बोलत नसत. व्हायचं तेच झालं. सर शुक्रवार पाळतात, अशी बातमी पसरली. शिपाईमावशी त्यांच्या दाराशी वाटीतून गूळ-चणे ठेवू लागल्या. ऑफिसातल्या एका बाईंनी त्यांना विचारलं, "सर, आंबट अजिबात खात नाही का तुम्ही?" सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांना कैरीचं लोणचं आवडतं. बाईंचा चेहरा असा झाला, जणू सरांचा उपास त्यांनीच मोडला होता.

इलॅस्टिकसाठी एकदा मीही त्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेलो होतो. कॅम्प तीनच्या बाजारात, शेअर रिक्षातून उतरून, जीन्सच्या गठ्ठ्यांतून वाट काढत. शिलाई मशिनींच्या आवाजात सर एका सिंधी दुकानदारासमोर उभे राहिले आणि एकेक इलॅस्टिक ताणून त्याला आपली पिशवी टांगू लागले. टांगायची, हलकेच धक्का द्यायचा आणि ती झुलायची थांबेपर्यंत टक लावून बघायचं. दुकानदार बराच वेळ सहन करत होता.

"साईं, डालना किस में है? जेंट्स का कि लेडीज का?"

"मशीन को लगाना है," सर म्हणाले.

"कौनसी मशीन इलास्टिक पहनती है?"

मी हसू दाबायला दुकानाबाहेर गेलो. परत आलो तर सर काउंटरवर तळहात ठेवून त्या माणसाला शिलाई मशिनींची थरथर कशी ओळखायची ते शिकवत होते, आणि तो डोळे मिटून, मान हलवत, "हां हां, आ रहा है, आ रहा है" म्हणत होता. शेवटी जीन्सच्या कमरेचं एक इलॅस्टिक पसंत पडलं. "धुलाई में कभी ढीला नहीं पड़ेगा," दुकानदाराने भरवसा दिला. सर म्हणाले, "धोना नहीं है भाई, लटकाना है." त्याने ते कापून दिलं आणि बराच वेळ आमच्या पाठीकडे बघत राहिला.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. मला ते त्यांच्या घरी कळलं.

सुमनवहिनींच्या हृदयात धातूचा वॉल्व्ह होता. लहानपणी अंगात मुरलेल्या तापाने मूळची झडप खराब झालेली. ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा पंखा बंद केल्यावर मला कुठेतरी घड्याळ टिकटिकतंय असं वाटलं, आणि मी भिंतीवर बघू लागलो. "भिंतीवर नाय भावजी, इथं बघा," वहिनी छातीवर बोट ठेवून म्हणाल्या आणि माझी फजिती बघून खळखळून हसल्या. त्या बाईंना स्वतःच्या आजाराची चेष्टा करायची भारी हौस. रक्त पातळ राहण्याची गोळी रोज घ्यायची, पालेभाजी मोजूनमापून खायची, सुई टोचली तरी रक्त थांबायला वेळ. "आमच्याकडे अळूचं फदफदंपण डॉक्टरला इचारून होतं," त्या म्हणायच्या.

जेवण झाल्यावर सर मला गेटपर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी सांगितलं. धातू रक्तात गेला की रक्तातली प्रथिनं ताबडतोब त्याच्यावर जाऊन बसतात. त्यांतलं एक आहे फायब्रिनोजेन. त्याचा रेणू लांबट असतो, काडीला तीन मणी ओवावेत तसा, दोन टोकांना दोन आणि मधे एक. धातूवर बसला की तो थोडा उलगडतो, पसरतो, आणि तिथूनच गुठळी धरायला सुरुवात होऊ शकते. "हिच्या वॉल्व्हची पाती कार्बनची आहेत," सर म्हणाले, "कडं धातूचं. मी सोन्यावर बघतो, कारण सोनं सपाट करता येतं. ते तसं बसतं ना, ते मला एकदा बघायचंय. बाकी काही नाही. हिच्या आत जे रोज चाललंय ते मी एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे."

मी मास्तर माणूस, मला गप्प राहवत नाही. मी विचारलं, "ते दिसलं म्हणजे वहिनींना काही उपयोग होईल?"

"नाही," ते म्हणाले. "काही नाही. असा उपयोग व्हायला जगातल्या पन्नास लॅब लागतात, आणि हिच्या आयुष्यात तो होणार नाही." मग गेटच्या लोखंडी पट्टीवर तळहात ठेवून उभे राहिले. "पण मी दुसरं काय करू तांबे? मला हेच येतं."

मला त्या वेळी त्यांची फार दया आली. आजही येते.

वर्षं गेली. सोन्याचा पातळ थर दिलेल्या चकत्या यायच्या, सर त्या ज्योतीवर तापवून सपाट करायचे, वर प्रथिनाच्या पाण्याचा थेंब सोडायचे, धुवायचे आणि टोक फिरवायचे. चित्रात नुसतं धुकं. कधी टोकाने रेणूच ढकलून दिलेला, केरसुणीने मुंग्या ढकलाव्यात तसा. रेणू मऊ, टोक कडक. तारेची टोकं ते स्वतः कात्रीने तिरकी कापत. शंभरातलं एखादं चांगलं निघे, आणि ते का चांगलं निघालं हे कुणालाच सांगता येत नसे. सरांचा एक नियम होता. "दिसलं म्हणून सांगू नका. पुन्हा पुन्हा दिसलं तर सांगा." विद्यार्थ्यांना तो पाठ होता.

अशात नवे प्राचार्य आले. त्यांना तळमजल्यावर ब्यूटीपार्लरचा कोर्स काढायचा होता, आणि जिन्याखालची खोली त्यांच्या डोळ्यांत भरली. "गायकर सर, इतक्या वर्षांत निघालं काय त्यातून?" त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. सर म्हणाले, "धुकं." आम्ही माना खाली घातल्या. असं उत्तर देतात का कधी?

त्याच सत्रातल्या एका शुक्रवारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. सर अनवाणी पळत आले. चपला खोलीबाहेरच राहिल्या होत्या.

"दिसला! तांबे, दिसला रे! मना दिसला!"

मला आयुष्यात पहिल्यांदाच 'रे' म्हणाले. हाताला धरून नेलं. कॉम्प्युटरवर तपकिरी-सोनेरी पृष्ठभाग आणि त्यावर लख्ख, तीन मण्यांच्या काड्या. एक, शेजारी दुसरी, खाली तिसरी. दोन टोकांना दोन मणी, मधे एक. माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसल्या. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मग त्यांनी नियम पाळला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाहिलं. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी काड्या दिसल्या. टोक तेच ठेवलं होतं. या धंद्यातली माणसं चांगलं टोक लागलं की त्याला हात लावत नाहीत. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, पण जवळजवळ तसंच.

प्राचार्यांचा सूर एका दिवसात बदलला. गेटवर सरांच्या फोटोचा बॅनर लागला, त्यात प्राचार्यांचा फोटो सरांच्या फोटोहून मोठा. पेढे वाटले गेले. एका परिषदेत सरांनी ते चित्र दाखवलं, टाळ्या झाल्या. ब्यूटीपार्लर दुसऱ्या मजल्यावर गेलं. वहिनींनी ते चित्र मोठं छापून, फ्रेम करून, घरी पलंगासमोर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या. "बघा, माझ्या रक्तातलं हाय हे!"

"तुझ्या नाही गं," सर सांगायचे. "बाटलीतून आलंय. कुणाचं तरी आहे."

"कुणाचं का असना, माझ्यात पण असलंच हाय ना?"

"हो, तसंच."

"मग झालं!"

त्या दिवसांत वहिनी फार खूश होत्या. मी त्यांना एकदा विचारलं, यात एवढं काय आहे हो वहिनी? त्या म्हणाल्या, "भावजी, इतकी वरसं मना कुणीच सांगितलं नय, आत काय चाललंय ते. डॉक्टर कागद बघतो आनि गोळी बदलतो. या मानसानं मना दाखवलं." मग म्हणाल्या, "आता भ्या नाय वाटत. दिसतंय तवर भ्या नाय वाटत."

आणि मग वहिनींनीच, काही मनात नसताना, घात केला.

मी त्या संध्याकाळी तिथे होतो. वहिनींना बरं नव्हतं, पलंगावर पडून होत्या. सर खुर्चीत. चहा चालला होता. फ्रेमकडे बघत वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "पन शिस्तीची हायत हां. सगली एकाच अंगाला झोपतात."

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून फ्रेमजवळ गेले. बराच वेळ नाक काचेला लागेल इतक्या जवळून बघत राहिले. खरंच, सगळ्या काड्या एकाच दिशेला आडव्या होत्या. डावीकडून उजवीकडे, एकजात सगळ्या. सरांना ते पूर्वीही दिसलं होतं. सोन्याच्या पृष्ठभागाला बारीक पायऱ्या असतात, त्यांच्या कडेने रेणू रांगेत बसतात, असं त्यांनी परिषदेत सांगितलंही होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. पण त्या दिवशी ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"काही नाही. उद्या शुक्रवार ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. आधी काय करणार ते समजावून सांगितलं. तेच टोक, तीच चकती. फक्त चकती काढून पाव फेरी फिरवून परत बसवायची. काड्या खरोखर चकतीवर पडल्या असतील तर त्याही चकतीबरोबर फिरतील. आडव्या होत्या त्या उभ्या दिसतील. इतकं सोपं. मलाही कळलं.

"आणि नाही फिरल्या तर?"

"तर त्या चकतीवर नाहीत. टोकात आहेत."

टोकाला एक अणू नसून एकमेकांना लागून तीन बारीक शेंडे असले, तर सोन्याचा साधा एकच कण त्या टोकाला तीनदा लागतो आणि चित्रात तीन मणी उमटतात. मग जिथे जिथे कण, तिथे तिथे तीन मणी, आणि सगळे एकाच दिशेला, कारण दिशा टोकाची असते. हे सरांनी मुलांना शिकवलेलं होतं. दरवर्षी शिकवायचे.

कॉम्प्युटरवर ओळ ओळ करत चित्र उमटू लागलं. आम्ही दोघेही श्वास रोखून बसलो होतो. मी तर चक्क देवाचं नाव घेत होतो. काड्या आल्या. डावीकडून उजवीकडे, आडव्याच. फिरल्या नव्हत्या.

सरांनी मग प्रथिन अजिबात न घातलेली, कोरी चकती लावली. तिच्यावरही काड्या आल्या. तशाच सुंदर.

मी म्हणालो, "सर, चहा घेऊ या." ते म्हणाले, "कोरी बघायला हवी होती मी. आधीच. मी मुलांना सांगतो, आधी कोरी बघा. मी बघितली होती, तांबे, पण दुसऱ्या टोकाने. हे टोक लागलं आणि मी त्याला हातच लावला नाही." मग म्हणाले, "इतकं हवं होतं ना मला."

प्राचार्यांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. प्राचार्य आधी समजलेच नाहीत, मग समजले तेव्हा म्हणाले, "सर, कळणारे कुणाला? छापून तर आलेलं नाही." सरांनी परिषदवाल्यांना कळवूनही टाकलं होतं. बॅनर उतरला. उतरवणाऱ्या शिपायाला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं नवा लागणार. मला सरांचा राग आला होता, हे कबूल करतो. कुणाचं काही बिघडत नव्हतं. एक चित्र होतं, एक बाई त्याकडे बघून झोपत होती. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"घरी नका सांगू," मी म्हणालो. "कॉलेजात सांगितलंत, पुरे झालं."

"तिला खोटं दाखवू?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, खरंच माझा सल्ला विचारावा तसं.

त्यांनी सांगितलं. पुढचं मला वहिनींकडूनच कळलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा विचारलं, "म्हंजे तुमाला कायच दिसला नय?" सर म्हणाले, नाही. मग वहिनी खुर्चीवर चढल्या, स्वतः फ्रेम काढली आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवली. "मी काय बोलली नय भावजी," त्या मला म्हणाल्या. "तोच रडत हुता. त्याला काय बोलनार?"

पुढच्या सत्रात खोली गेली. मायक्रोस्कोप गोदामात, तुटक्या बाकांमागे जाऊन बसला. सरांनी कुरकुर केली नाही, शुक्रवारी निमूट लेक्चर्स घेऊ लागले. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणी त्या चित्राचा उल्लेख केला नाही. मीही नाही. तो सभ्यपणा होता की भ्याडपणा, कोण जाणे. सरांनी आयुष्यभरात तो रेणू काही पाहिला नाही. यात त्यांची चूक होती असंही नाही आणि नव्हती असंही नाही. अंबरनाथमध्ये, जिन्याखाली, जेवढं होऊ शकत होतं तेवढं त्यांनी केलं होतं.

रिटायर झाल्यावर सर आणि वहिनी बदलापूरला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेले, वहिनींना जुन्या घराचा जिना चढवत नव्हता म्हणून. तिथेच ते घडलं ज्याची सरांना पहिल्यापासून धास्ती होती. वॉल्व्हपाशी गुठळी धरली, सुटली आणि मेंदूत गेली. गोळ्या वेळेवर होत्या, तपासण्या वेळेवर होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. वहिनी वाचल्या. हळूहळू चालू लागल्या, बोलणंही आलं. आठवण मात्र सगळी परत आली नाही. मधली काही वर्षं पुसली गेली, आणि नवं सांगितलेलंही डोक्यात टिकत नव्हतं. पेढे आठवत होते, बॅनर आठवत होता. चित्र खोटं ठरल्याचं आठवत नव्हतं.

सरांनी मला फोनवर सांगितलं की वहिनी रोज विचारतात, फोटो कुठे गेला. पहिल्या वेळी त्यांनी खरं सांगितलं. वहिनी मनाने पार खचल्या. दुसऱ्या दिवशी विसरल्या आणि पुन्हा विचारलं. सरांनी पुन्हा सांगितलं. "तोच चेहरा, तांबे," ते म्हणाले. "दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मी किती वेळा सांगू?"

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो. सर दार उघडायला आले ते वाळून गेलेले, दाढीचे खुंट पांढरे. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती. काच नुकतीच पुसलेली.

मला बघून वहिनींचा चेहरा फुलला. नाव आठवलं नाही, पण चेहरा ओळखीचा वाटला असावा. हात वर करून त्यांनी भिंतीकडे दाखवलं.

"बघितलं का? माझ्या रक्तातलं हाय. यांनी शोधलं. कुनाला दिसला नय, यांना दिसला." मग सरांकडे वळून, एकेक शब्द जुळवत, "बरोबर ना हो? माझंच ना?"

सर त्यांच्या पायांवरची चादर सारखी करत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "तुझंच आहे."

वहिनींनी समाधानाने मान उशीवर टेकली. सर चादरीची कड पुन्हा सरळ करत राहिले, ती सरळच होती तरी. मग मला म्हणाले, "बसा तांबे, चहा टाकतो," आणि आत गेले.